रायसिंगचा घोडा

पुणे, ९ डिसेंबर १९४५

प्रिय काली,

आपण दुपारी नाल्यात खेकडे धरायला जायचो, ते तुला आठवतं का? मी आठ वर्षांची, तू दहाची. तू दगड उचलायचास आणि मी खाली हात घालायचा, असा तुझाच कायदा होता. रायसिंगदादा वर खडकावर पाय हलवत बसलेला असायचा. खेकड्याने माझं बोट धरलं की तो आधी पोटभर हसायचा आणि मग उतरून ते सोडवायचा. एकदा त्याने सोडवलेला खेकडा तुझ्या लुगड्यावर टाकला आणि तू त्याला पार पाड्यापर्यंत पिटाळत नेलंस. पुढे तू त्याच्याशीच लग्न केलंस हे मला कळलं, तेव्हा मी शिवणाच्या वर्गात एकटीच हसले होते.

पुढच्याच वर्षी संवत छप्पनचा मोठा दुष्काळ आला आणि मिशनच्या सिस्टर मला इकडे घेऊन आल्या. त्यांनी मला जेवू घातलं, शिकवलं, हातात सुई दिली. मी सुखात राहिले, हे खोटं नाही. पण पंचेचाळीस वर्षांनी या दिवाळीत पाड्यावर पाय ठेवला आणि तू म्हणालीस, "आधी बूट काढ, मग सांगते तू नानी आहेस की नाही." माझ्या पायाची जोडलेली बोटं पाहिलीस आणि तिथेच खाली बसून रडायला लागलीस. तेव्हापासून शाळेत माझं लक्ष लागत नाही.

तू मला वेशीवरचा दगड दाखवलास. घोड्यावर ताठ बसलेला दादा, हातात तलवार. म्हणालीस, सोळा साली खापरच्या बाजारातूनच तो भरतीला गेला, बसऱ्याच्या लढाईवर पोचला आणि परत आला नाही. तो कुठे पडला, कोणत्या मातीत आहे, हे मला शोधायचं आहे. गजराला बापाचा चेहरा नीट आठवत नाही. तिच्या लेकरांना तरी आजोबा कोण होते ते कळायला हवं, आणि मलाही मरण्याआधी भावाचा ठावठिकाणा हवा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील पलटणीच्या कागदांच्या कचेरीत आहेत. त्यांनी घोडेस्वारांची सगळी नावं पाहिली. आपल्या बाजूचा रायसिंग नावाचा स्वार कोणत्याच रिसाल्यात सापडत नाही. त्याच्या घोड्याचा रंग, रिसाल्याचं नाव, काहीही आठवत असेल तर कळव.

आमशादादांना नमस्कार.

तुझी,
नानी

*

खापर, २८ डिसेंबर १९४५

नानीला कालीचे राम राम.

गुरुजींनी तुझं पत्र वाचलं आणि मी एवढी हसले की आमशा कोंबड्या सोडून बघायला आला. अगं मास्तरीण, तुझ्या भावाला घोड्यावर कोणी बसवलं? तो जन्मात गाढवावर बसला नाही. दगडावर घोडा असतोच! माणूस मेला की पाथरवट त्याला घोडा देतो, हातात तलवार देतो. माझा बाप लंगडा, सगळं आयुष्य शेळ्यांमागे गेलं, त्यालाही दिला. जाऊन बघ, शेजारीच उभा आहे, तुझ्या भावापेक्षा ऐटीत. एवढ्या लांब पितरांकडे जायचं, ते काय पायी जातील? नवव्या वर्षी गेलीस, तुला हे कोण सांगणार. आणि आता त्या बिचाऱ्या कचेरीवाल्याला सगळे रिसाले पालथे घालायला लावलेस.

रायसिंग खेचरांच्या पलटणीत होता. तिकडून त्याचा एकच कागद आला होता. त्यात लिहिलं होतं, "खेचरं पाणी वाहतात आणि मी खेचरांना वाहतो." पुढच्या साली धडगावकडचा एक माणूस लढाईवरून आला. म्हणाला, नदी ओलांडताना रायसिंग खेचरासकट वाहून गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही वर्षभर वाट पाहिली. मग पुजाऱ्याला बोलावलं, गावाला जेवण घातलं, दगड उभा केला. दगड उभा राहिला की माणूस पितरांत गेला. मग आमशाने मला मागणी घातली आणि मी त्याच्या घरी आले. आमशाचं तेवढं तुला दिवाळीत सांगितलं होतं.

नानी, आता एवढ्या वर्षांनी कचेऱ्यांची दारं कशाला ठोठावतेस? दगड आहे. दर होळीला त्याला दारूची धार देतो. तो तिथे बसला आहे. तू पुन्हा ये, नाचणीची भाकर खा, तुझ्या हातचं शिवणकाम गजराच्या पोरींना शिकव. एवढं पुरे.

काली

ता. क. : मी लोटन गुरुजी, मूळचा प्रकाशा गावचा; दिवाळीत आपली ओझरती भेट झाली होती. बाई त्यांच्या बोलीत सांगतात, मी शुद्ध करून लिहितो. "बिचाऱ्या कचेरीवाल्याला" यापुढे त्यांनी आणखी दोन शब्द सांगितले होते. मी म्हटलं, "माय, हाई पत्रमा लिखता येस नहीं." ते गाळले आहेत. आपलं अक्षर फार सुंदर, मुलांना फळ्यावर लावून दाखवलं.

*

पुणे, १० फेब्रुवारी १९४६

प्रिय काली,

हे पत्र गुरुजींना सावकाश वाचायला सांग आणि तू खाली बसून ऐक.

खेचरांच्या पलटणींत तो सापडला! रायसिंग, बापाचं नाव उखा, खापरजवळचा पाडा, उंची पाच फूट चार इंच, डाव्या भुवईवर वण. तो वण मोहाच्या झाडावरून पडल्याचा, आठवतो ना? नदीत वाहून गेल्याचंही त्यात आहे. पण काली, पुढे आहे! खालच्या अंगाला तो दुसऱ्या पलटणीच्या माणसांना सापडला, चार महिने इस्पितळात होता, मग पुन्हा खेचरांवर. आणि मार्च १९१९ मध्ये तो मुंबई बंदरात जिवंत उतरला. नाव कमी करून त्याला घरी सोडलं आणि नंदुरबारपर्यंतचा रेल्वेचा पास दिला. नंतर त्याचं पदक पाड्याच्या पत्त्यावर पाठवलं होतं, ते "मयत" असा शेरा घेऊन परत गेलं.

म्हणजे दादा लढाईत मेला नाही. तो नंदुरबारला उतरला असेल. तिथून पाडा दोन दिवसांच्या वाटेवर. मग तो गेला कुठे? वाटेत आजारी पडला, की कोणी त्याला लुबाडलं? मला दोन दिवस झोप नाही. सिस्टर म्हणतात, आनंदाने माणसं अशी आजारी पडतात.

मी सगळं ठरवलं आहे. होळीच्या सुट्टीत येते. पोलीस पाटलांना आणि मामलेदार कचेरीला अर्ज लिहून ठेवला आहे. तो घेऊनच येईन. सगळ्या पाड्याला बसवून विचारू, तेव्हा कोणी पाहिलं होतं का. आणि तो खोटा दगड आपण काढून टाकू. जिवंत माणसाचा दगड वेशीवर उभा राहावा, हे मला बघवणार नाही. आमशादादा कारभारी आहेत, त्यांनी शब्द टाकला तर सगळे बोलतील.

तुझी, आनंदाने वेडी झालेली,
नानी

*

खापर, २० फेब्रुवारी १९४६

नानीला राम राम.

येऊ नको. पाटलाला काही लिहू नको. दगडाला हात लावू नको. होळी होऊन जाऊ दे.

काली

ता. क. : बाई इतकंच बोलल्या. मी विचारलं, आणखी काही? तर म्हणाल्या, "गुरुजी, तुमची शाई वाचली ना, मग?" आमशादादा ओट्यावर बसून होते. आपलं आधीचं पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा पाटलाचा भाऊ जवळच होता, पण तो बहिरा आहे. मला काळजी वाटते म्हणून लिहिलं. — लोटन

*

पुणे, १ मार्च १९४६

काली,

तुझ्या तीन ओळी मी तीस वेळा वाचल्या.

मला वाटलं होतं, तू नाचशील. त्याऐवजी तू मला दारातच थांबवलंस. मी क्रूस घालते म्हणून दगडाला माझा हात नको का? की पंचेचाळीस वर्षं बाहेर राहिलेल्या बहिणीचा भावावर काही हक्क उरत नाही? तसं असेल तर स्पष्ट सांग. मी आयुष्यभर लोकांच्या मुलींचे झगे शिवले, माझं म्हणावं असं माणूस एकच होतं, आणि त्याला शोधायला तू मला नको म्हणतेस.

मार्च संपेपर्यंत वाट पाहीन. तुझ्याकडून खरं कारण आलं नाही तर अर्ज टपालात टाकेन. हे रागाने लिहीत नाही. खरं तर रागानेच लिहिते आहे.

नानी

*

खांडबारा, २४ मार्च १९४६

नानी, हा कागद तुझ्या हातात पडेल तेव्हा तू एकटी असशील तर बरं.

अक्षर बघून चकित होशील. हे दगा शिंप्याचं आहे, खांडबाऱ्याच्या बाजारातल्या. गुरुजी भला माणूस, पण त्याच्या पोटात गोष्ट दुपारपर्यंतही टिकत नाही. म्हणून मी मोटारीने तळोद्याला, मग नावेतून तापी ओलांडून, नंदुरबारला गाडीत बसून इथे आले. ही वाट माझ्या पायाखालची आहे. बारा वर्षं दर होळीनंतर याच वाटेने येत होते.

तुझा भाऊ पाड्यावर आला होता.

एकोणीस सालची होळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. भर दुपार. मी दगडाला धार द्यायला गेले, कारण होळीला मला ताप होता. दगडाच्या सावलीत एक माणूस बसलेला. खाकी कोट, डोक्यावर कानटोपीसारखी टापशी, पायात बूट. मी म्हटलं, कोणी फॉरेस्टवाला असेल. तो माझ्याकडे न बघता दगडाकडे बघत म्हणाला, "घोडा चांगला काढलाय गं. शेपूट मात्र बैलाची वाटते."

नानी, माझ्या हातातली बाटली पडली. मी त्याचे पाय चाचपून पाहिले, भुतासारखे मागे वळलेले नाहीत ना म्हणून. तो म्हणाला, "बूट काढू का?" मी त्याला मारलं. खरंच मारलं, दोन्ही हातांनी, आणि तो हसत राहिला, खेकडा चावल्यावर हसायचा तसा. मग त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. सुरुपसिंग तेव्हा पोटात होता, सातवा महिना. त्याचं हसू थांबलं.

"कोणाचं घर?" त्याने विचारलं.

"आमशाचं."

"आमशा चांगला आहे," तो म्हणाला. "माझ्याहून त्याला कमी बोलता येतं, तुला बरं पडेल."

मी म्हटलं, चल घरी, मी आमशाला सांगते, पंच बसतील, काहीतरी करतील. तो बराच वेळ दगडावर हात फिरवत राहिला. म्हणाला, "पुजाऱ्याने मला हाक मारून यात बसवलंय ना? गाव जेवलं ना? मग मी आता आत आलो तर इथे कोण बसणार? रिकामा दगड वेशीवर ठेवायचा नसतो, तुलाही ठाऊक आहे. तिकडे तीन वर्षं खेचराचा लगाम धरून पायी चाललो, काली. इथे तुम्ही मला घोडा दिलात. राहू दे मला वर."

मी रडले, भांडले. पण तू आमच्यात वाढली असतीस तर तुलाही पटलं असतं. रिकाम्या दगडात काय येऊन बसेल, हे कोणी सांगू शकत नाही. माझ्या पोटात लेकरू होतं. तो त्याचाच विचार करत होता.

मी त्याच दिवशी आमशाला सांगितलं. तो उठला, कोठीतली दादर ज्वारी काढली, पाटीभर, तीही चांगली, बियाण्याची. म्हणाला, "नेऊन दे. माझ्या शेताची आहे म्हणून सांग." बस, एवढंच. रायसिंग इथे खांडबाऱ्याला आला, स्टेशनावर लाकडं चढवायचं काम धरलं, नाव सांगितलं दोधू. बारा वर्षं दर होळीनंतर मी आले आणि आमशाने दर वर्षी दादर भरून दिली. एकदा गजराला आणलं होतं. तिला सांगितलं, हे खांडबाऱ्याचे काका. त्याने तिला बांगड्या भरल्या आणि स्टेशनामागे जाऊन बसला. गजराला अजून माहीत नाही.

एकतीस साली तो हिवतापाने गेला. दगाने त्याचं सगळं केलं. मला कळवलं तेव्हा तेरावा दिवस झाला होता. मी पाड्यावर दगडाजवळ गेले, धार दिली, म्हटलं, आलास का रे? दगड तयारच होता, नानी. माणूस तेरा वर्षं उशिरा पोचला. तू म्हणतेस तो दगड खोटा. तेव्हा असेल. आता तो काढलास तर माझा रायसिंग कुठे बसेल?

आणि आमशा. तो आज पाड्याचा कारभारी आहे. सगळी भांडणं त्याच्यापुढे येतात. लोकांना कळलं तर म्हणतील, जित्या माणसाची बायको घरात ठेवली, जित्या माणसाचा दगड पुजवला, आणि हा आम्हाला न्याय सांगतो. सत्तरीला टेकलेला माणूस आहे. त्याची मान खाली गेलेली मला बघायची नाही. तुझा अर्ज गेला तर ती जाईल. एवढंच कारण होतं. तुझा क्रूस नाही, वेडे. इकडे येताना मोटारीचं भाडं आमशानेच दिलं. म्हणाला, "गावापासून लपव. तिच्यापासून कशाला?"

अजून एक आहे. सांगू की नको असं दोन दिवस वाटत होतं. बावीस की तेवीस साली तो पुण्याला आला होता, तुला बघायला. फाटकाबाहेर उभा राहिला. आत अंगणात तू मुलींना रांगेत उभं करत होतीस, म्हणाला, पांढरं लुगडं, पायात बूट, आणि एक मुलगी पडली तर तिला उचलून झटकलंस. तो तासभर बघून परत आला. मी विचारलं, हाक का नाही मारली? म्हणाला, "हाक मारली असती तर ती आली असती माझ्याबरोबर. आणि इथे तिला काय देणार होतो मी?" मग म्हणाला, "पोटभर जेवलेली दिसली." हे त्याने कितीदा सांगितलं असेल, दगाला विचार.

उत्तर दगाच्या पत्त्यावर पाठव. चैत्री पुनवेच्या बाजाराला मी येईन, तो वाचून दाखवेल.

काली

बहीन, मी दगा. रायसिंगदादा मन्हा भाऊसारखा व्हता. दुकानाच्या ओट्यावर बसून मला काजं करून द्यायचा, सुई फार चांगली चालायची त्याची. म्हणायचा, बहिणीकडून आलंय हाताला. त्याचा खाकी कोट माझ्याजवळ आहे. पंधरा वर्षं जपलाय, कसर लागू दिली नाही.

*

पुणे, ७ एप्रिल १९४६

प्रिय काली,

हे दगाभाऊ तुला वाचून दाखवतील. गुरुजींसाठी मी वेगळं पत्र टाकलं आहे. त्यात पुण्याची हवा, आंब्याचे भाव, माझी गुडघेदुखी आणि मुंबईला उतरलेला रायसिंग दुसराच निघाला, कचेरीची चूक झाली, एवढंच आहे. तेवढं त्यांना गावभर सांगू दे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी वर्गात गेले नाही. चॅपलमध्ये बसले आणि तेवीस साल आठवायला लागले. काली, मी किती प्रयत्न केला. कोणती मुलगी पडली, मी कोणाला उचललं, फाटकाकडे एकदा तरी पाहिलं का, काही म्हणजे काही आठवत नाही. त्याच्यासाठी तो एवढा मोठा दिवस, आणि माझ्यासाठी नुसती मधली सुट्टी. याचं दुःख मला आता जन्मभर पुरेल. पण तू ते लपवलं नाहीस, याबद्दल तुझे पाय धरते.

अर्ज मी फाडला. मामलेदारांना जाणारा आणि पाटलांना जाणारा, दोन्ही. मी रागात जे लिहिलं ते तू माफ केलं असशील, कारण तू पहिल्यापासून मारून मग जवळ घेणारी. तो दगड आहे तिथेच राहू दे. मी माझ्या पद्धतीने त्याच्यासाठी प्रार्थना म्हणेन आणि तू तुझ्या पद्धतीने धार दे. दादाला दोन्ही चालेल. शेपटीवर मात्र तो हसत असेलच.

कचेरीने पदक बहीण म्हणून माझ्याकडे पाठवलं आहे. कडेला बारीक अक्षरांत त्याचं नाव आहे. लढाईत मेलेल्याचंही पदक घरी येतं, त्यामुळे पाड्यात कोणाला काही विचारायचं कारण नाही. या पत्राबरोबरच एक पुडकं दगाभाऊंच्या नावाने येईल. त्यातलं कोणाचं काय ते सांगते, चूक होऊ देऊ नका.

लाल कापडात गुंडाळलेलं पदक आमशादादांना द्यायचं. गजराला नाही, सुरुपसिंगला नाही, तुलाही नाही. त्यांच्या हातात ठेव आणि सांग, नानीने बारा वर्षांच्या दादरीसाठी पाठवलं आहे. ते काही बोलणार नाहीत, ते मला माहीत आहे.

निळा लोकरीचा शर्ट दगाभाऊंना. शिंप्याला शिवलेला कपडा पाठवते, त्यांनी टाके मोजून मला नापास करावं. दादाचा कोट त्यांच्याकडेच राहू दे. त्यांनी जपला आहे, त्यांचाच आहे.

दोन झगे आणि सुयांचं पाकीट गजराच्या मुलींना. गजराला खांडबाऱ्याचे काका कोण होते ते सांगायचं की नाही, हे तू ठरव. आई तू आहेस.

हिरवं लुगडं तुला. आल्या आल्या नेस, पेटीत ठेवून म्हातारी होऊ नकोस.

चष्म्याचं घर लोटन गुरुजींना, त्यांचं दोरीने बांधलेलं मी दिवाळीत पाहिलं होतं. कशाबद्दल असं त्यांनी विचारलं तर सांग, अक्षराबद्दल.

कचेरीचा तो कागद, ज्यावर १९१९ मध्ये तो मुंबईला उतरल्याचं लिहिलं आहे, तो मात्र मी कोणाला पाठवत नाही. तिकडे आला तर कधीतरी कोणीतरी वाचेल. तो माझ्याजवळ राहील, आणि मी गेले की माझ्याबरोबर पुरा, असं मी सिस्टरना सांगून ठेवलं आहे. सगळ्यांना काही ना काही मिळालं, काली. भाऊ जिवंत घरी आला, एवढं एक माझ्या वाट्याला राहू दे.

तुझी,
नानी